संगणकाचा पहिला प्रश्न

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत, रामबागेत म्हणा, नारायण बागेत म्हणा किंवा त्यामानाने अलीकडच्या लोकमान्य नगरात म्हणा, एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात एक संगणक हमखास आढळतो. मुलगा इंजिनिअरिंगला असताना तो घेतलेला असतो. पुढे मुलगा पुण्यास, बंगळुरास नाहीतर थेट परदेशी गेला आणि यंत्र मागे राहिले. त्यावर आता क्रोशाचा रुमाल आहे, शेजारी पंचांग आहे आणि घरातील वडीलधारी मंडळी त्यावर अधूनमधून पत्रे लिहितात, नातवंडांचे फोटो पाहतात, जुन्या नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे ऐकतात. या यंत्रांवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक गंडांतर आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवण्याचे नित्याचे काम त्या दिवशी थांबवले. घरगुती ग्राहकांपैकी जे नाव नोंदवतील त्यांना एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सवलत तेवढी दिली.

मग विंडोज ११ का घेऊ नये, असे कोणी विचारील. अडचण अशी की २०२१ साली निघालेल्या त्या प्रणालीच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रात हवी, प्रोसेसरही ठराविक पिढीपुढचा हवा. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र या परीक्षेत बसत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याचा कारभारी निवृत्त, आणि नवा कारभारी या वाड्यात पाऊल ठेवायला तयार नाही. अशा वेळी बहुतेक घरांत भंगारवाल्याची आठवण होते.

दुसरा एक मार्ग आहे. तो फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि थोडी चिकाटी असेल तर साठीच्या पुढच्या माणसालाही जमण्यासारखा आहे. लिनक्सच्या कुळातील एखादी मुक्त प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, तिची प्रतिमा तबकडीवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवायची, आणि यंत्र त्या तबकडीवरून सुरू करायचे. ‘आयएसओ बर्न करून बूट करणे’ असे तरुण मंडळी ज्याला म्हणतात ते हेच.

‘बूट’ हा शब्द ऐकून पायातल्या बुटाची आठवण यावी, आणि ती अस्थानी नाही. बूट ओढून चढवता यावा म्हणून त्याच्या मागे जो पट्टा शिवलेला असतो त्याला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि तो पट्टा धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे ही त्या भाषेतली अशक्य गोष्टीची थट्टा. आपल्याकडे स्वतःच्या खांद्यावर चढणे म्हणतात तसे. संगणकापुढचा पेच नेमका तोच आहे. डिस्कवरचे काहीही वाचायचे तर कारभारी प्रणाली जागी हवी, आणि ती प्रणाली तर डिस्कवरच निजलेली. यातून सुटका म्हणून यंत्राच्या मुख्य फळीवर एका चिपमध्ये छोटासा कायमचा मजकूर कोरून ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. हा वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी समजावा. जुन्या बायोसचे शिक्षण बेताचे. फाइली, फोल्डर त्याला कळत नाहीत. दिवा लागला की आवार नीट आहे ना ते पाहायचे, मग नेमून दिलेल्या क्रमाने हार्ड डिस्क, सीडी, पेन ड्राइव्ह यांच्या ठराविक जागी डोकवायचे आणि तिथे ओळखीची खूण सापडली की किल्ल्या तिच्या स्वाधीन करायच्या, एवढेच त्याला ठाऊक. नवा पहारेकरी थोडा शिकलेला आहे, ठराविक पद्धतीचे फोल्डर तो उघडतो, पण ठरल्या जागीच पाहण्याची त्याची सवय कायम आहे.

ही ‘ठराविक जागा’ हेच सगळ्या प्रकरणाचे मर्म. पुष्कळ जण इंटरनेटवरून आयएसओ फाइल उतरवतात, एरवी गाणी चढवावीत तशी ती तबकडीवर चढवतात आणि यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. त्यांच्या तबकडीवर फाइल असते, पण ती बंद गाठोड्याच्या रूपात असते. गव्हाचे पोते बांधावर ठेवले म्हणजे पेरणी झाली असे माळव्यातला कुठला शेतकरी म्हणेल? प्रतिमा उतरवायची म्हणजे पोते सोडून दाणा न् दाणा आपापल्या सरीत पडला पाहिजे. म्हणून तबकडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइल कॉपी करा’ आणि ‘इमेज बर्न करा’ अशा दोन वेगळ्या आज्ञा असतात, आणि आपणास दुसरी द्यायची असते.

प्रतिमा हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा. जुन्या काळी पोथीची नक्कल दोन रीतींनी होऊ शकली असती. एक, मजकूर वाचून नव्या कागदावर आपल्या हाताने लिहून काढणे. दुसरी, पान न् पान, समास, कोरी जागा, पानाचा आकडा, सगळे होते तसे उठवणे. डिस्क इमेज ही दुसऱ्या रीतीची नक्कल. तबकडीची जागा २,०४८ बाइटांच्या खणांत वाटलेली असते. शून्यापासून मोजले तर पहिले १६ खण प्रमाणानुसार मोकळे सोडलेले. सोळाव्यात तबकडीची ओळख, आणि सतराव्यात, तबकडीवरून यंत्र सुरू होणार असेल तर, तसा दाखला व सुरुवातीचा मजकूर कुठे आहे त्याचा पत्ता.

या दोन नियमांच्या नावांची मौज सांगण्यासारखी आहे. सोळाव्या खणाची रीत ठरवणारे आयएसओ ९६६० हे प्रमाण १९८८ सालचे. ते ज्या मसुद्यावरून झाले त्याला ‘हाय सिएरा’ म्हणत, कारण अमेरिकेतील नेवाडा प्रांतात लेक टाहो सरोवराकाठी त्या नावाच्या हॉटेलात तज्ज्ञ मंडळी जमली होती. सतराव्या खणाचा नियम आयबीएम आणि फिनिक्स या कंपन्यांनी १९९५ च्या जानेवारीत काढला. त्याचे नाव ‘एल टोरिटो’, आणि हे कॅलिफोर्नियातील एका मेक्सिकन खानावळीचे नाव असून कल्पना तिथेच जेवताना सुचली असे सांगतात. महत्त्वाची कामे खाण्याच्या ठिकाणी ठरतात याचे ज्यांनी सराफ्यात रात्री जागवल्या त्या इंदूरकरांना नवल वाटण्याचे कारण नाही.

पहिले सोळा खण कोरे का सोडले, असा प्रश्न पडेल. पुढेमागे कोणाला लागले तर असावेत, एवढाच हेतू. आणि लागले! सीडी मागे पडून पेन ड्राइव्ह आले तेव्हा त्या कोऱ्या समासात हार्ड डिस्कच्या पद्धतीची सुरुवात लिहून टाकण्याची युक्ती निघाली. त्यामुळे आज एकच प्रतिमा तबकडीवर उतरवा नाहीतर पेन ड्राइव्हवर उतरवा, पहारेकऱ्याला दोन्हीकडे ओळखीची खूण सापडते. कागदाला समास सोडावा असे जुने कारकून सांगत ते उगाच नव्हे.

‘बर्न’ म्हणजे भाजणे, जाळणे. कोऱ्या सीडीच्या पोटात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. डोळ्यांना न दिसणारा, ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यावर फिरतो. जिथे तो जोराने पडतो तिथे द्रव्य तापून बदलते आणि पुढे वाचताना तेवढ्या ठिकाणाहून प्रकाश नीट परतत नाही. उजळ आणि मंद ठिपक्यांची ही सर्पिल ओळ मधल्या भोकापासून काठाकडे जाते. लेसरचे नाव निघाले म्हणजे इंदूरकराने थोडे थांबावेच. सुखनिवासाच्या बाजूस १९८४ साली जे प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले आणि २००५ पासून ज्यास राजा रामण्णा यांचे नाव आहे ते देशातील लेसर-संशोधनाचे प्रमुख घर आहे. सीडी लिहिणारा लेसर त्या मानाने अगदीच बाळबोध, पण गोत्र तेच.

सीडीत ७०० मेगाबाइट मावतात, एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट. आजच्या काही प्रणालींच्या प्रतिमा डीव्हीडीतही मावेनाशा झाल्या आहेत, म्हणून बहुतेक जण ८ किंवा १६ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह वापरतात. त्यावर प्रतिमा उतरवण्यासाठी रुफस किंवा एचर यांसारखी फुकट साधने आहेत. मात्र त्या पेन ड्राइव्हवर आधीचे जे असेल ते सर्व नाहीसे होते हे ध्यानात ठेवावे. सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो आधी दुसरीकडे हलवावेत.

उतरवलेली प्रतिमा वाटेत बिघडली नाही हे कसे ओळखावे? येथे आपल्या दफ्तरखान्याची आठवण होते. होळकरांच्या किंवा पेशव्यांच्या काळचा मोडी कागद ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे की माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की तळाशी मोर्तब होई, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसडू नये. प्रतिमेची व्यवस्था तीच आहे. सोळाव्या-सतराव्या खणातील खूण हा शिक्का. मोर्तब वेगळे मिळते: प्रणाली पुरवणारे लोक आपल्या संकेतस्थळावर प्रतिमेशेजारी ६४ अक्षर-अंकांची एक ओळ छापतात. एसएचए-२५६ नावाच्या गणिताने सगळी फाइल घुसळून ती काढलेली असते. आपल्याकडे आलेल्या फाइलीवर तेच गणित करावे. ओळ जुळली तर माल अस्सल आणि अखंड. फाइलीत एक बिंदू इकडचा तिकडे झाला तरी सगळी ओळ बदलते. हे पाच मिनिटांचे काम टाळून माणसे तीन-तीन तबकड्या फुकट घालवतात.

तबकडी तयार झाली, यंत्रात घातली, सुरू करताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी आपल्या यंत्राला मान्य असलेले बटण दाबून पहारेकऱ्याला सांगितले की आज आधी इकडे पाहा. आता जे घडते त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

उदाहरणादाखल डेबियन ही प्रणाली घेऊ. १९९३ साली सुरू झालेली ही लिनक्स प्रणाली जगभरचे स्वयंसेवक चालवतात; तिच्यावर कुणा कंपनीची मालकी नाही. पडद्यावर प्रथम इंग्रजीत एक छोटी यादी येते, तीत चित्रमय स्थापनेची ओळ निवडायची. त्यापाठोपाठ यंत्र पहिला प्रश्न विचारते. जागा किती, नाव काय, परवलीचा शब्द काय, हे सगळे नंतर. पहिला प्रश्न असा, की तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलू? आणि त्या लांबलचक यादीत, मल्याळम व नेपाळी यांच्यामध्ये, ‘मराठी’ असे देवनागरीत लिहिलेले असते. ती ओळ निवडली की पुढची प्रश्नोत्तरे मराठीत सुरू होतात. यंत्रात अजून कोणतीही प्रणाली बसलेली नाही, हार्ड डिस्कला हात लागलेला नाही, आणि मराठी मात्र येऊन उभी आहे.

ती तिथे आपोआप आली नाही. १४ फेब्रुवारी २००९ रोजी निघालेल्या डेबियनच्या ५.० या आवृत्तीत अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी व सर्बियन यांच्यासोबत मराठीचा समावेश झाला आणि एकूण भाषा ६३ झाल्या. मराठीचे काम सी-डॅक संस्थेच्या मुंबई केंद्रातील ‘जनभारती’ या गटाने केले. त्या ६३ पैकी १३ भाषा केवळ चित्रमय पद्धतीत दिसू शकत होत्या, आणि याचे कारण आपल्या लिपीतच आहे. साधा अक्षरी पडदा म्हणजे सारख्या मापाच्या चौकटी आणि जेमतेम ५१२ आकृत्यांचा साठा. रोमन लिपीला तेवढे पुरते. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर, पण लिहिताना आधी. रफार डोक्यावर चढणार. जोडाक्षरे एकमेकांना बिलगणार. चौकटींत हा संसार मावत नाही. २००७ च्या आवृत्तीत चित्रमय पडदा आला तेव्हाच मराठीची वाट मोकळी झाली.

त्याच २००९ च्या आवृत्तीत एक भाषा यादीतून गळालीही. ती एस्टोनियन. तिच्या बोलणाऱ्यांना स्वतंत्र राष्ट्र आहे, पार्लमेंट आहे, विद्यापीठे आहेत. तरी भाषांतर वेळेवर अद्ययावत झाले नाही एवढ्या साध्या कारणाने नाव निघाले, आणि काम पुरे झाले तेव्हा पुढच्या, २०११ च्या आवृत्तीत परत आले. ज्या शहरात राजाश्रय संपल्यावरही महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि वेळेवर चालत आल्या, तेथील वाचकांना या व्यवहाराची ओळख पटायला हरकत नसावी. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात आणि कुणीतरी रात्रीचे जेवण आटोपून ती मराठीत करावी लागतात.

भाषांतर कसे असावे यावर मतभेद आहेत व ते राहणारच. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी शिक्का, मोर्तब, दफ्तर हे शब्द काही मराठीने सोडले नाहीत. आम्हाला वाटते की ‘फाइल’ आणि ‘बूट’ यांचेही तेच होईल, व व्हावे. मात्र ‘हे केल्यास डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल’ यासारखी धोक्याची सूचना मायबोलीत असणे ही चैन नव्हे. इंग्रजीत ती न वाचताच होकाराचे बटण दाबणारी माणसे घरोघर आहेत.

तबकडीचा जमाना आठवणाऱ्यांसाठी थोडे मागचे. १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना या प्रणालीचे प्रथम दर्शन घडले. पुढे उबुंटूचे लोक मागणी नोंदवणाऱ्यास तबकड्या टपालाने घरपोच आणि संपूर्ण फुकट पाठवीत; ही धर्मार्थ व्यवस्था २०११ साली बंद झाली. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाची, डेबियनवर बेतलेली भारतीय प्रणाली काढली, तीतही मराठी आहे.

आता सावधगिरीचे. विंडोज उठत नाही अशा यंत्राविषयी दुकानदार बहुधा एकच औषध सांगतो: ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ तसे करू देण्याआधी ‘लाइव्ह’ प्रकारची प्रतिमा वापरून पाहावी. २००० साली क्नॉपिक्स या जर्मन प्रणालीने लोकप्रिय केलेला हा प्रकार हार्ड डिस्कवर काहीही न बसवता केवळ स्मृतीतून चालतो. डिस्क शाबूत असेल, व ती कुलूपबंद पद्धतीने गूढ केलेली नसेल, तर आतल्या फाइली दिसतात आणि बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घेता येतात.

हे अगत्याने सांगण्याचे कारण त्या फाइलींत आहे. आपल्या कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत गेल्या तीस वर्षांत अशाच संगणकांवर टाइप झाले. कोकणातून किंवा देशावरून कोण केव्हा माळव्यात आला, होळकर दरबारी कोणती असामी मिळाली, कोणाची लेक धारला दिली, कोणाची देवासला, हे सारे एखाद्या काकांनी निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून जमवलेले असते. छापील प्रती शे-दोनशे निघाल्या असतील. पुढच्या दुरुस्त्या आणि नव्या पिढीची नावे फक्त त्या यंत्रात. आणि ते टाइप झाले श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांत. या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर पणजोबांचे नाव निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन पडते. म्हणून फाइलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स या फोल्डरचीही नक्कल काढून ठेवावी, आणि सवड काढून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोडमध्ये देवनागरी प्रारंभापासून आहे. मोडीलाही २०१४ साली तिथे जागा मिळाली. नव्या प्रणालीत लिहिण्यासाठी लिबर ऑफिस मिळते, आणि त्याचे मेनूही मराठीत करता येतात.

आणखी एक. यंत्र फार जुने, ३२-बिटांचे असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेली डेबियन १३ त्यावर स्थापता येणार नाही. तिने त्या जातीच्या यंत्रांसाठी स्थापनेची प्रतिमा काढणे बंद केले आहे. ६४-बिटांच्या यंत्रास ही अडचण नाही, आणि विंडोज ११ ने नाकारलेली बहुतेक यंत्रे ६४-बिटांचीच आहेत.

स्थापना पुरी झाली की यंत्र तबकडी काढून घेण्यास सांगते व पुन्हा सुरू होते. पहारेकऱ्याला आधी तबकडीकडे पाहण्याची कायमची आज्ञा दिली असेल आणि ती आतच राहिली, तर तो इमानाने पुन्हा तिच्याकडेच जातो. मग नव्या कारभाऱ्याऐवजी स्थापनेचा तोच पडदा समोर येतो आणि यंत्र पुन्हा विचारते, कोणत्या भाषेत बोलू? अशा वेळी घाबरू नये. तबकडी काढावी, तिच्यावर मार्करने प्रणालीचे नाव व तारीख घालावी, आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.